आडनाव बदलण्याआधी

हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळखडकांत रात्री शिकारीला निघणाऱ्या एका गोगलगायीला १७५८ सालापासून ‘कोनस जिओग्राफस’ म्हणतात. तिच्या शंखावर तपकिरी रंगाचे मोठे ठिपके पसरलेले असतात आणि ते जुन्या नकाशातल्या भूखंडांसारखे दिसतात, म्हणून जिओग्राफस. माणसाचा जीव घेतल्याच्या सर्वाधिक नोंदी समुद्री गोगलगायींमध्ये हिच्याच नावावर आहेत. २००९ साली दोन अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या एका जाडजूड ग्रंथात हीच गोगलगाय ‘गॅस्ट्रिडियम जिओग्राफस’ झाली. सहा वर्षांनी दुसऱ्या गटाने ती पुन्हा ‘कोनस जिओग्राफस’ केली. तिच्या शंखात, दातात किंवा विषात मधल्या काळात काहीच बदललं नव्हतं. बदललं ते आडनाव, आणि त्यावरून शास्त्रज्ञांमध्ये जो वाद झाला तो वरवर वाटतो तसा पोथीनिष्ठांचा किरकोळ वाद नाही. माझं म्हणणं असं की प्राण्याचं आडनाव बदलायचं तर वंशावळीचा पुरावा इतका पक्का हवा की तो न बदलणं चूक ठरावं. ‘हे शंख जरा वेगळे दिसतात’ एवढ्यावर ते बदलू नये. शंकूच्या आकाराच्या या गोगलगायींची कथा त्यासाठी उत्तम साक्ष देते.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा, कारण मराठीत तो जास्तच आहे. शाळेच्या पुस्तकात सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड शिकवतात. म्हणजे जाती सगळ्यात खालची आणि प्रजाती तिच्या वरची. वर्तमानपत्रं मात्र ‘पक्ष्यांच्या अमुक प्रजाती आढळल्या’ असं लिहितात, तेव्हा त्यांना जाती म्हणायचं असतं. या लेखात पुस्तकातला अर्थ धरला आहे. कोनस ही प्रजाती, जिओग्राफस ही तिच्यातली जाती. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दी नावं देण्याची जी रीत रूढ केली तिच्यात प्रजातीचं नाव आधी येतं, जातीचं नंतर. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव मागून येतं, अगदी तसंच. फरक एवढाच की माणसाचं आडनाव वारशाने मिळतं, आणि प्राण्याचं आडनाव कुठे सुरू होतं नि कुठे संपतं हे माणसं ठरवतात. जिओग्राफस नावाची गोगलगाय आपल्यासारख्यांशीच प्रजनन करते, म्हणून जाती ही गोष्ट निसर्गात बऱ्यापैकी बोट ठेवून दाखवता येते. प्रजाती तशी दाखवता येत नाही. सगळा वाद इथून निघतो.

शंकूगोगलगाय ओळखायला सोपी. शंख उलटा धरलेल्या शंकूसारखा असतो, वर रुंद खांदा, त्यावर बसकं किंवा टोकदार शिखर, आणि खाली निमुळता होत गेलेला पोटाचा शेवटचा मोठा वेढा. तोंड म्हणजे शंखाच्या उंचीभर गेलेली एक अरुंद फट. जिवंतपणी वरून एक पातळ साल असते, त्यामुळे ताज्या शंखाची नक्षी मळकट दिसते आणि संग्राहकांच्या कपाटातला चकचकीत शंख ही धुऊन पुसून केलेली गोष्ट असते. शंख आडवा कापला तर आणखी एक नवल दिसतं. बाहेरची भिंत जाड असते, पण आतल्या जुन्या वेढ्यांच्या भिंती गोगलगायीने स्वतःच विरघळवून कागदासारख्या पातळ केलेल्या असतात. वाढत्या अंगाला जागा हवी, म्हणून घरातल्या जुन्या भिंती तासून काढण्याचा हा प्रकार. काळ्या जमिनीवर पांढरे त्रिकोणी ठिपके असलेली ‘कोनस मार्मोरियस’ ही या प्रजातीची नमुना-जाती मानतात. रेम्ब्रांटने १६५० साली हाच शंख तांब्याच्या पत्र्यावर कोरला होता. त्याने समोर दिसला तसा कोरला, त्यामुळे कागदावर ठसा उमटला तेव्हा उजवीकडे वळणारा शंख डावीकडे वळलेला दिसू लागला. लिनियसने नाव देण्याच्या शंभर वर्षं आधी हा शंख युरोपातल्या हौशी श्रीमंतांच्या संग्रहात पोचलेला होता, हे त्या चित्रातून कळतं.

शंखापेक्षा विलक्षण आहे तो दात. बहुतेक गोगलगायींच्या तोंडात दातांची एक खरखरीत पट्टी असते, तिला रॅड्युला म्हणतात, आणि तिने त्या शेवाळ खरवडतात. शंकूगोगलगायीत ती पट्टी मोडून पडली आहे. तिच्या जागी एकेक सुटा दात आहे, कायटिनच्या पातळ पत्र्याची सुरळी करून बनवलेली पोकळ सुई, टोकाला उलटे काटे. एका पिशवीत असे कितीतरी दात घडण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांत वाट पाहत असतात. शिकार जवळ आली की एक तयार दात सोंडेच्या टोकाशी येतो, त्यात विष भरलं जातं आणि तो भाल्यासारखा शिकारीत घुसतो. एक दात एकदाच वापरायचा. काही जाती समुद्री वळवळ्या किड्यांवर जगतात, काही दुसऱ्या गोगलगायींवर, आणि थोड्या चक्क माशांवर. मासे खाणाऱ्या गोगलगायी असतात हे अमेरिकेच्या ॲलन कोन यांनी १९५६ साली पुराव्यानिशी मांडलं, तेव्हा अनेकांना ते पटायला वेळ लागला. कारण गोगलगाय मासा पकडते ही कल्पनाच अवघड. पण त्याआधी अडीचशे वर्षं, १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात रुम्फियस या डच कंपनीच्या नोकरीतल्या जर्मन निसर्ग-अभ्यासकाने बांदा बेटावर शंकूगोगलगायीने दंश करून एका गुलाम स्त्रीचा जीव घेतल्याची नोंद करून ठेवली होती. तिचं नाव त्या नोंदीत नाही, गोगलगायीची तेवढी ओळख पटते.

लिनियसच्या यादीत कोनसच्या तीसेक जाती होत्या. पुढच्या अडीचशे वर्षांत त्या सातशे-आठशेच्या घरात गेल्या. एवढ्या जाती असणारी समुद्री प्राण्यांची दुसरी प्रजाती दाखवणं कठीण. साहजिकच मधल्या काळात अनेकांनी या गर्दीचे गट पाडले, गटांना नावं दिली, आणि जिवंत व जीवाश्म मिळून अशी सुमारे १४० प्रजाती-दर्जाची नावं कागदावर जमा झाली. रोजच्या वापरात मात्र बहुतेक शास्त्रज्ञ सगळ्यांना कोनसच म्हणत राहिले. २००९ साली जॉन टकर आणि मॅन्युएल टेनोरियो यांनी हा साचलेला पसारा एकदाचा मांडला. शंखाचा आकार, दाताची घडण आणि भ्रूणावस्थेतल्या कवचाची वैशिष्ट्यं एकत्र तपासून त्यांनी जिवंत आणि जीवाश्म शंकूगोगलगायींची पाच कुलं आणि ११५ प्रजाती केल्या. हे काम वरवरचं नव्हतं. शेकडो जातींचे दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, मोजून, चित्रं काढून केलेलं ते काम आहे, आणि पुढे त्यांच्या विरोधात गेलेल्यांनीही ते वापरलं. तरीही त्यांचा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, आणि कारण त्यांनी काय पाहिलं यात नसून पाहिलेल्यावरून काय ठरवलं यात आहे.

प्रजाती म्हणजे वंशवृक्षाची एक अख्खी फांदी असावी, हे आज सगळ्यांना मान्य आहे. एका पूर्वजाची सगळी लेकरं आत, बाहेरचं कोणी नाही. आता फांदी ओळखायची कशावरून? दिसण्यावरून ओळखायला गेलं की समुद्र फसवतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण भ्रूणकवचाचं आहे. शंखाच्या शिखराच्या अगदी टोकावर, टाचणीच्या डोक्याएवढे, सुरुवातीचे काही वेढे असतात. ते गोगलगाय अंड्यातून बाहेर पडण्याआधी आणि लगेच नंतर घडलेले. पिल्लू आठवडेच्या आठवडे पाण्यावर तरंगत, सूक्ष्म वनस्पती खात वाढलं असेल तर हे वेढे बारीक आणि संख्येने जास्त असतात. पिल्लू अंड्यातून थेट रांगतच बाहेर आलं असेल तर वेढे कमी, पण फुगीर असतात. जुने अभ्यासक हा फरक मोठा मानत आणि त्यावरून वेगळी प्रजाती करून मोकळे होत. पण १९९९ साली थॉमस ड्यूडा आणि स्टीफन पालुम्बी यांनी शंकूगोगलगायींच्या जनुकांवरून वंशावळ मांडली, तेव्हा दिसलं की तरंगणाऱ्या पिल्लाची अवस्था या गटात वेगवेगळ्या शाखांनी, एकमेकींशी संबंध नसताना, पुन्हा पुन्हा टाकून दिली आहे. म्हणजे फुगीर टोकाच्या दोन गोगलगायी बहिणी असतीलच असं नाही. एकाच घरातल्या दोघींपैकी एकीचं टोक बारीक आणि दुसरीचं फुगीर असू शकतं. त्या टोकावरून आडनावं वाटली तर सख्ख्या बहिणींची ताटातूट होते आणि परक्यांची सोयरीक जुळते.

२०१४ साली निकोला प्युयांद्र, फिलिप बुशे, ड्यूडा, कोन, बाल्डोमेरो ऑलिव्हेरा, क्रिस्तोफर मेयर आणि इतरांनी मिळून तोवरची सर्वांत मोठी जनुकीय वंशावळ प्रसिद्ध केली. मान्य असलेल्या ७६१ जातींपैकी ३२० जातींचे नमुने, पेशीतल्या मायटोकाँड्रियामधली तीन जनुकं. हे करायचं कसं, तर पायाच्या मांसाचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये जपून ठेवायचा. कपाटातल्या रिकाम्या शंखाचा इथे उपयोग नाही. निकाल असा आला की सगळ्या शंकूगोगलगायी चार मुख्य फांद्यांवर बसतात. एका फांदीवर सुमारे ८५ टक्के जाती, दुसरीवर सुमारे १२ टक्के, तिसरीवर, म्हणजे खोल समुद्रातल्या जातींच्या फांदीवर, सुमारे ३ टक्के, आणि चौथीवर एकच जाती. ही एकटी म्हणजे कॅलिफोर्नियाच्या गार पाण्यात राहणारी छोटी, मळक्या रंगाची गोगलगाय. तिची नातलगं एका प्रकारच्या शिकारीवर अडून बसतात, ही किडे, गोगलगायी, मासे, खेकड्यांच्या जातकुळीतले प्राणी, जे मिळेल ते खाते. या चार फांद्या एकमेकींपासून फार आधी वेगळ्या झाल्या आणि हिशोब कसाही मांडला तरी त्या वेगळ्याच निघतात. पण मोठ्या फांदीच्या आत शिरलं की चित्र धूसर होतं. छोटे छोटे झुबके स्पष्ट दिसतात, पण कोणता झुबका कोणाच्या जवळचा, हे या पुराव्यावरून नीट ठरत नाही. हे लेखकांनी लपवलं नाही, सारांशातच सांगितलं. माझ्या मते या संपूर्ण वादातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच आहे.

त्यावरून २०१५ साली त्यांनी वर्गीकरण मांडलं. एकच कुल, कोनिडी. त्यात चार प्रजाती : कोनस, कोनास्प्रेला, प्रोफुंडिकोनस आणि कॅलिफोर्निकोनस. आतले स्पष्ट झुबके त्यांनी फेकून दिले नाहीत, त्यांना एक पायरी खाली उतरवलं. कोनसमध्ये ५७ आणि कोनास्प्रेलात ११ उपगट. टकर-टेनोरियोंची गॅस्ट्रिडियम, सिलिंडर, पायोनोकोनस ही नावं त्यामुळे मेली नाहीत. ज्याला बारकाव्यात जायचं आहे तो उपगटाचं नाव मधे लिहितो, बाकीचे ‘कोनस जिओग्राफस’ म्हणून पुढे जातात. एव्हाना मान्य जाती ८०३ झाल्या होत्या. त्या प्रत्येक जातीपुढे त्यांनी एक गोष्ट नोंदवली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. त्या जातीची जागा जनुकांवरून ठरवली, दातांवरून, की फक्त शंखावरून. म्हणजे आपण कुठे खात्रीने बोलतो आहोत आणि कुठे अंदाजाने, हे वाचणाऱ्याला कळावं.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यावा लागतो. चारही फांद्या मिळून एक मोठी फांदीच होते ना? मग सगळ्यांना कोनस म्हटलं तरी ‘अख्खी फांदी’ हा नियम पाळला जातो. चारच का? एक का नाही? खरं आहे. नियम एवढंच सांगतो की फांदी अर्धी तोडू नका, कुठे तोडायची ते सांगत नाही. चार हा आकडा शेवटी माणसांनी निवडलेला आहे. पण निवड मनमानी नाही. ज्या जागी खोड स्पष्टपणे दुभंगतं, पुरावा पक्का आहे आणि दुभंगण्याचा काळ जुना आहे, त्या जागी रेघ मारली आहे. ११५ प्रजातींच्या मांडणीत रेघा धूसर जागी पडतात, तिथे पुढचं संशोधन आलं की पुन्हा पुसाव्या लागतात. आडनावाच्या पायरीवर ही खोडाखोड परवडत नाही, कारण ते नाव बाकीचे सगळे वापरतात. उपगटाच्या पायरीवर ती चालते. दुरुस्ती होत राहील हे गृहीत धरून दुरुस्तीची जागा अशा ठिकाणी ठेवायची जिथे बदल केला तर बाहेरच्यांचं काम अडणार नाही, एवढंच या निर्णयात आहे.

दुसरा आक्षेप असा : सातशे जातींची एक प्रजाती म्हणजे गैरसोय. त्यातून माहिती काहीच मिळत नाही. मासे खाणारी आणि किडे खाणारी एकाच नावाखाली कशी? याला उत्तर असं की नावाने सगळी माहिती वाहून न्यावी ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय आहाराचा बदल या गटात क्वचितच झाला, किडे खाणं हेच मूळचं. मासे खाणाऱ्या गटाला वेगळी प्रजाती केलं तर मागे उरलेल्या किडेखाऊंचं काय? ते मग अख्खी फांदी राहत नाहीत, कापलेल्या फांदीचा उरलेला बुंधा होतात, आणि तो बुंधा सावरायला आणखी पंचवीस प्रजाती पाडाव्या लागतात. एक वेगळी चूल मांडली की सगळ्या घराची वाटणी करावी लागते. ११५ हा आकडा असाच वाढत गेला असावा.

तिसरा आक्षेप आपल्याला जवळचा आहे, कारण तो कवडीचा आहे. आपल्या भाषेत कवडीमोल, फुटकी कवडी असे शब्द रुजवणारी ती छोटी पिवळसर कवडी लिनियसने ‘सायप्रिया मोनेटा’ या नावाने नोंदवली. पुढे सायप्रियाच्या दोनशेच्या आसपास जाती अनेक प्रजातींमध्ये वाटल्या गेल्या आणि आपली कवडी ‘मोनेटारिया मोनेटा’ झाली. कोणाचं काही अडलं नाही. मग शंकूगोगलगायींबाबतच एवढा आग्रह का? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका माणसाच्या कामात सापडतं. कवड्यांची जनुकीय वंशावळ २००३ साली मांडली ती क्रिस्तोफर मेयर यांनी, म्हणजे शंकूगोगलगायींच्या कामात पुढे सहभागी झालेल्यांपैकीच एकाने. कवड्यांमध्ये शंखावरून पाडलेले जुने गट मोठ्या प्रमाणात खऱ्या फांद्या निघाले. तिथे पुरावा वाटणीच्या बाजूने होता, इथे नाही. ज्याने तिथे वाटणी मान्य केली तोच इथे ती नाकारतो, यातच कळतं की भांडण ‘एकत्र ठेवा’ आणि ‘वेगळे करा’ अशा दोन स्वभावांचं नाही. प्रत्येक वेळी फांदीला विचारायचं.

जीवाश्म-अभ्यासकांची तक्रार मला सर्वांत वजनदार वाटते. शंकूगोगलगायींचे जीवाश्म इओसीन कालखंडापासून, म्हणजे पाचेक कोटी वर्षांपासून सापडतात. त्यांच्यात जनुक कुठलं? त्यांच्याकडे शंखच असतो. जनुकांवर उभं केलेलं वर्गीकरण त्यांना निरुपयोगी. याचं पूर्ण उत्तर नाही, पण अर्धं आहे. ज्या जीवाश्माची फांदी कळत नाही त्याला ‘व्यापक अर्थाने कोनस’ म्हणून ठेवणं हे अज्ञान असलं तरी प्रामाणिक आहे. शंखाच्या आकारावरून त्याला ठाम आडनाव देणं ही खोटी खात्री ठरते. शिवाय शंख वाटतो तितका मुका नसतो. जोनाथन हेंड्रिक्स यांनी २०१५ साली डोमिनिकन रिपब्लिकमधले लाखो वर्षांपूर्वीचे पांढरेफटक पडलेले शंकू-शंख अतिनील प्रकाशाखाली धरले, तेव्हा त्यांची मूळ नक्षी चमकून उठली. पट्टे, ठिपके, जाळ्या, सगळं दिसू लागलं. त्यातून आजच्या जातींशी तुलना करता आली आणि नव्या जातीही हाती लागल्या. तीन मायटोकाँड्रियल जनुकांवर एवढी इमारत उभी करावी का, हीही शंका घेतली जाते. ती मोठ्या फांदीतल्या झुबक्यांच्या नात्याबाबत खरी आहे. पण ती आकडा वाढवणाऱ्यांच्या बाजूने जात नाही. पुरावा अपुरा असेल तर कमी कापा, एवढंच ती सांगते.

आडनाव बदलल्याची किंमत कोण मोजतं, याचाही हिशोब मांडायला हवा. ‘कोनस मॅगस’ या मासेखाऊ गोगलगायीच्या विषातला एक घटक, युटामध्ये ऑलिव्हेरा यांच्या प्रयोगशाळेत सापडलेला, पुढे झिकोनोटाइड नावाचं वेदनाशामक झाला. अमेरिकेत त्याला डिसेंबर २००४ मध्ये परवानगी मिळाली. ते मॉर्फिनच्या वाटेने जात नाही, मज्जारज्जूतल्या वेदना पोचवणाऱ्या चेतापेशींची कॅल्शियमची दारं बंद करतं, आणि पाठीच्या कण्यातल्या द्रवातच सोडावं लागतं. या विषांना ‘कोनोटॉक्सिन’ म्हणतात आणि त्यांची नावं जातीच्या अक्षरांवरून पडतात, मॅगससाठी ‘एम’, जिओग्राफससाठी ‘जी’. हजारो शोधनिबंध, औषधांची कागदपत्रं, रुग्णालयांतले विषबाधेचे अहवाल, सगळ्यांत शोधाचा शब्द एकच, कोनस. ‘पायोनोकोनस मॅगस’ झालं की रसायनशास्त्रज्ञाला किंवा डॉक्टरला जुनं आणि नवं एकच आहे हे आठवणीने जुळवावं लागतं. वर्गीकरणवाल्यांना ते सहज जमतं, पण नावं त्यांच्यापुरती नसतात.

भारतात हा प्रश्न कायद्यापर्यंत येतो. अरबी समुद्रात सापडणारी उंच शिखराची, लाल-तपकिरी जाळीदार नक्षीची ‘कोनस मिल्नेएडवर्डसी’ संग्राहकांमध्ये ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ म्हणून प्रसिद्ध आहे. ज्युसोमने तिला १८९४ साली नाव दिलं. पाच वर्षांनी मेल्व्हिल आणि स्टँडन यांनी तिलाच ‘कोनस क्लायटोस्पायरा’ म्हणून नोंदवलं. आधीचं नाव टिकलं, दुसरं बाद झालं. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ही जाती आली, आणि तिथे छापलेलं नाव कोनस हेच आहे. ११५ प्रजातींच्या मांडणीत ती ‘लेप्टोकोनस’ होते. पंचनामा करणाऱ्या वनरक्षकाच्या हातात राजपत्रातलं नाव आणि तज्ज्ञाच्या अहवालात वेगळं, अशी वेळ आली तर प्रकरण उभं राहायच्या आधी दोन नावांचा मेळ घालत बसावं लागेल. आपल्या पूजेतल्या शंखाच्या बाबतीत हे घडून गेलेलं आहे. जुन्या भारतीय मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत तो ‘झँकस पायरम’ आहे, आजच्या पुस्तकांत ‘टर्बिनेला पायरम’. दोन्हीत शोधल्याशिवाय शंखमासेमारीचा इतिहास पूर्ण हाती लागत नाही. संवर्धनाच्या याद्यांचंही असंच. २०१३ साली कोनसच्या ६३२ जातींची धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीसाठी पाहणी प्रसिद्ध झाली. समुद्री गोगलगायींच्या एखाद्या अख्ख्या प्रजातीची अशी ती पहिलीच पाहणी. त्यातल्या ६७ जाती संकटात किंवा संकटाच्या उंबरठ्यावर निघाल्या, आणि अटलांटिकमधल्या केप व्हर्द बेटांवर, जिथे पिल्लं तरंगून दूर जात नाहीत म्हणून एकेका खाडीची वेगळी जाती झाली आहे, तिथे धोका सर्वांत दाट. एक नाव, एक यादी असल्यामुळेच ‘या प्रजातीची अवस्था काय’ हा प्रश्न विचारता आला.

किंमत असूनही बदल करावा लागतो तेव्हा तो केला पाहिजे, हेही तितकंच खरं. कॅरिबियन समुद्रातली ‘कोनस जॅस्पिडियस’ आता ‘कोनास्प्रेला जॅस्पिडिया’ आहे. कोनस लॅटिनमध्ये पुल्लिंगी, कोनास्प्रेला स्त्रीलिंगी, म्हणून काळा घोडा–काळी घोडीसारखं विशेषणही बदललं. आणि नाव देणाऱ्या ग्मेलिनचं नाव आता कंसात गेलं. ही प्रजाती त्याने लावलेली नाही, नंतर कोणीतरी हलवली, हे त्या कंसातून कळतं. इथे बदल योग्य आहे, कारण फांदी खरोखर वेगळी आहे. कॅलिफोर्नियाच्या त्या सर्वभक्षी गोगलगायीला वेगळं नाव देणारेही टकर आणि टेनोरियोच होते. त्या बाबतीत त्यांचा डोळा अचूक होता आणि जनुकांनी नंतर त्यांचीच बाजू घेतली.

२०१७ साली प्युयांद्र आणि टेनोरियो, म्हणजे चार प्रजाती करणाऱ्यांतला एक आणि ११५ करणाऱ्यांतला एक, यांनी मिळून एक निबंध लिहिला. विषय होता ‘कोनस ट्रेलाय’ नावाचा जेमतेम सेंटिमीटरभराचा शंख. जनुकांमध्ये तो चारही फांद्यांच्या बाहेर पडत होता आणि त्याचा दातही कोणाशी जुळत नव्हता. दोन्ही पुरावे एकाच बाजूला बोट दाखवत होते, तेव्हा दोघांनी त्याला पाचवी प्रजाती केलं, ‘पिग्मिकोनस’. यादीत अशा अजून कितीतरी जाती आहेत ज्यांची जागा २०१५ साली निव्वळ शंखावरून लावली गेली. त्यांच्या पायाचा गव्हाएवढा तुकडा अजून कोणाच्या बाटलीत पडलेला नाही.